नऊ नव्याण्णवला बार्सिलोना

मंडळाच्या गणपतीत आरती संपून खिरापत हातावर पडली की पहिला प्रश्न येतो, "मग, यंदा सुट्टीत कुठे?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "किती पडलं?" युरोपातली स्वस्त विमानं या दुसऱ्या प्रश्नासाठी उडतात. ती बार्सिलोनाला पोचवण्यासाठी उडतात असा तुमचा समज असेल तर तुम्ही जर्मनीत नुकतेच आलेले दिसता. मग हे वाचाच.

उत्तर कसं द्यायचं ते आधी शिकून घ्या, तिकीट नंतर काढू. "नऊ नव्याण्णव." म्हणजे नऊ युरो नव्याण्णव सेंट. एवढंच म्हणायचं आणि मोदकाकडे वळायचं. "माणशी? जाऊन येऊन?" असं कोणी खोदून विचारलं तर मोदक तोंडात असल्याचं दाखवून नुसतं हसायचं.

आता तिकीट. तुलनेला रात्री अकरानंतर बसावं, मुलं झोपल्यावर. एका खिडकीत स्कायस्कॅनर, दुसरीत गूगल फ्लाइट्स, तिसरीत कंपनीचं स्वतःचं पान, आणि शेजारी बायकोचा लॅपटॉप. कारण आपण पुन्हापुन्हा पाहिलं की "त्यांना कळतं" आणि दर वाढतो, यावर आपली श्रद्धा मारुतीच्या खालोखाल असते. मधल्या वेळात त्या दराच्या चार सीटा दुसऱ्या कोणी घेऊन टाकल्या असतील, ही शक्यता मनात आणू नका. ती फारच निरस आहे. एक वाजेपर्यंत पाच युरो वाचले पाहिजेत. ते वाचवायला लागलेल्या दोन तासांची मजुरी मोजायची नाही; आपला वेळ फुकट आहे, हा या सगळ्या शास्त्राचा पाया आहे.

स्कायस्कॅनरवर ठिकाण म्हणून "कुठेही" निवडता येतं. ते जरूर निवडा. माणूस समुद्र पाहायला निघतो आणि सर्वांत स्वस्त म्हणून अल्बानियातल्या तिरानाला जाण्याचं ठरवून झोपतो. भारतातून आलेल्या आईबाबांना बरोबर नेत असाल तर आणखी मजा. अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यांच्या पासपोर्टवर एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर ते तिथे जाण्यासाठी शेंगेनबाहेर पडतील आणि परत आत यायचा रस्ता बंद होईल. तिकीट मात्र खरंच स्वस्त होतं, हे त्यांना फोनवर समजावून सांगता येईल.

दर ठरला की विमानतळाचं नाव वाचू नका. वाचलंत तर मन कचरतं. "फ्रँकफर्ट हान" यातलं फ्रँकफर्ट तेवढं मोठ्याने म्हणावं. हान हा पूर्वीचा अमेरिकी हवाई दलाचा तळ, फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर डोंगरात, आणि तिथे आगगाडी जात नाही. साताऱ्यापलीकडे धावपट्टी बांधून तिला "पुणे सातारा" म्हणावं, तसलं हे नामकरण. उतरायचं ते "बार्सिलोना जिरोना"ला, म्हणजे बार्सिलोनाच्या अलीकडे नव्वदेक किलोमीटर. मुंबई म्हणून लोणावळ्याला उतरवावं आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणावं. पॅरिसचं बोव्हे ८५ किलोमीटर, स्टॉकहोमचं स्काव्स्टा शंभर, आणि म्युनिकच्या नावाने मिरवलेलं मेमिंगेन त्याहून थोडं पुढे. दोन्ही टोकांची बस धरली की बसभाडं विमानभाड्याच्या वर जातं. पण लक्षात घ्या, मंडळात बसचे कोणी विचारत नाही.

अशा आडगावच्या विमानतळांना कंपन्या उगाच धरून नसतात. शुल्क कमी, गर्दी नाही, आणि उतरलेलं विमान पंचवीस मिनिटांत पुन्हा उडवता येतं. रायनएअर या स्वस्त विमानकंपनीच्या सीटला पाठ मागे रेलत नाही, पुढे जाळीचा खिसा नाही, सुरक्षेच्या सूचनांचा कागद समोरच्या पाठीवर चिकटवलेला. खिसाच नाही, मग त्यात संत्र्याची सालं कोण कोंबणार आणि ती काढत कोण बसणार? कंजूषपणाला इतकं तर्कशुद्ध रूप आपल्याकडे फक्त काही निवडक काकांनी दिलं आहे. १९९७ च्या एप्रिलपासून युरोपीय संघातल्या कोणत्याही कंपनीला संघातल्या कोणत्याही देशांतर्गत मार्गावर उडायची मुभा मिळाली, तेव्हापासून या काकांना अख्खं आकाश मोकळं झालं. ईझीजेटने त्याआधीच, १९९५ मध्ये, लंडनजवळच्या ल्यूटनहून ग्लासगो-एडिंबराला २९ पौंडांत सुरुवात केली होती, विमानाच्या अंगावर आपला फोन नंबर रंगवून. दलालाचे पैसे वाचावेत म्हणून. या माणसांना नावं ठेवू नका, ती आपल्याच आळीतली आहेत.

आता बॅग. इथे जरा सावकाश जाऊ, कारण इथेच माणसाची परीक्षा होते.

नऊ नव्याण्णवमध्ये तुम्ही येता आणि पायाखाली मावेल अशी एक पिशवी येते. ईझीजेटला ती ४५ गुणिले ३६ गुणिले २० सेंटिमीटर चालते. रायनएअर, विझ एअर, व्हुएलिंग यांना ४० गुणिले ३० गुणिले २०. आता तुम्ही हुशार, म्हणून जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी, असं तिकीट जुळवलं असणार. स्वस्त पडतं ना! तर ईझीजेटने आनंदाने गेलेल्या बॅगेने परतीच्या विझसाठी सुट्टीत पाच सेंटिमीटर उंची आणि सहा सेंटिमीटर रुंदी कमी करायची आहे. माणसं सुट्टीत वाढून येतात, बॅगेने मात्र झिजून यायचं.

गेटापाशी एक लोखंडी चौकट उभी असते. त्या चौकटीत बॅग आपणहून पडली पाहिजे, गुडघ्याने दाबायची नाही. नाही बसली तर दंड, रायनएअरचा पंचाहत्तर युरोपर्यंत. ती पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी दर बॅगेमागे दीड युरो देत असे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून ते अडीच केले आणि महिन्याला किती मिळावेत याची मर्यादाही काढून टाकली. तेव्हा गेटवरच्या ताई तुमच्याकडे पाहून हसल्या तर ते हसणं तुमच्याकडे पाहून नसतं, चाकांकडे पाहून असतं. चाकंही मापात मोजतात.

माझ्यावर हा प्रसंग आला तो एका विमानतळावर. कंपनीचं नाव सांगत नाही, तिच्या विमानांचा रंगही सांगत नाही. बॅग चौकटीत अडकली, गेली अर्धी आणि मग ना आत ना बाहेर. आईने तिथेच फरशीवर बसून ती उघडली आणि एकेक करून कपडे अंगावर चढवायला घेतले. तिचे दोन स्वेटर, बाबांचा एक, माझा रेनकोट. खिशात चिवड्याची पाकिटं. कपडे अंगावर किती असावेत याला मर्यादा नाही, हा शोध तिने स्वतःचा स्वतः लावला. जून महिना होता. शेवटी बॅग रिकामी होऊन सुळकन चौकटीत पडली आणि रांगेतल्या दोन पोलिश मुलांनी टाळ्या वाजवल्या. आईने त्यांना चिवडा दिला. तुम्हाला हीच पद्धत सुचवतो. फक्त तूप घरी ठेवा. जर्मन थंडीत ते दगड झालेलं असलं तरी सुरक्षा तपासणीत ते द्रवच.

स्पेनच्या सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात हातातल्या बॅगेचे पैसे घेणं वगैरे प्रकारांसाठी पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड केला. कंपन्यांनी तो मान्य केला नाही. तुमचे पंचाहत्तर परत येतील या आशेवर बसू नका, पण मंडळात हा आकडा फेकायला उत्तम आहे.

बुकिंग करताना पुढची पायरी म्हणजे नकार. सीट नको, प्राधान्य नको, गाडी भाड्याने नको, हॉटेल नको, नको, नको. लग्नात आग्रह मोडण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. पूर्वी हा खेळ अधिक कलात्मक होता. रायनएअरच्या पानावर प्रवासविमा नाकारायचा तर राहता देश निवडायच्या यादीत जावं लागे, आणि तिथे डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या मधोमध "माझा विमा उतरवू नका" नावाचा देश असे. त्या देशाचं नागरिकत्व ज्यांनी एकदा तरी घेतलं ते सगळे आजही एकमेकांना ओळखतात. आता तो नकाशावरून गेला, पण रायनएअरच्या कमाईचा साधारण एक तृतीयांश भाग अजूनही तिकिटाबाहेरच्या अशा गोष्टींतून येतो. म्हणजे दर तीन युरोंतला एक युरो, कुठेतरी "नको" म्हणायचं राहिलेल्या माणसाचा. तुम्ही नऊ नव्याण्णवला जाता ते त्याच्या जिवावर. कधीकधी तो तुम्हीच असता.

चेक-इन आपलं आपण, फोनवर. विसरलात आणि विमानतळावर करायला गेलात तर रायनएअर ५५ युरोपर्यंत घेते. सीट विकत घेतली नसेल तर फुकट चेक-इन विमान सुटण्याच्या आधी चोवीस तासच उघडतं. त्यामुळे १८८२ पासून बांधकाम चालू असलेल्या सग्रादा फमिलिया चर्चच्या आत, रंगीत काचांतून ऊन उतरत असताना, तुम्ही खांबाला टेकून बाबांचा पासपोर्ट क्रमांक टाइप करत असाल. हे दृश्यही सुंदरच असतं.

आपल्या निळ्या पासपोर्टवाल्यांना एक जादा मान आहे. फोनवर बोर्डिंग पास आला म्हणून सरळ सुरक्षा तपासणीकडे चालू लागायचं नाही. रायनएअरने उडणाऱ्या युरोपबाहेरच्या नागरिकांनी आधी काउंटरवर जाऊन व्हिसा दाखवायचा असतो. बाकी सगळे रांग टाळून पुढे जातात, आपण रांग लावून मागे येतो. हे कोणी विसरला तर गेटवरून परत पाठवलेला पाहिला आहे. हसू नका, पुढच्या वेळी तुम्ही असाल.

सीट न घेतल्यास संगणक तुम्हाला बसवतो. तो कुटुंब या संस्थेकडे फार मोकळ्या मनाने पाहतो. नवरा ४ ब, बायको २९ ई, दोघं मधल्या सीटवर. रायनएअरमध्ये बारा वर्षांखालचं मूल मात्र मोठ्यांजवळच बसवावं लागतं, त्यासाठी एका मोठ्याला सीट विकत घ्यावी लागते. आता चौघांतला हा एक मोठा कोण, हे घरीच ठरवून या. विमानात बोलता येणार नाही, मध्ये वीसहून जास्त ओळी असतात. एकट्याने बसून लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या हवाई सुंदरीला नको म्हणण्याचा सराव करावा. २००९ मध्ये रायनएअरचे प्रमुख मायकल ओ'लिअरी यांनी विमानातल्या संडासाला नाणं टाकायची खाच बसवण्याचा विचार बोलून दाखवला होता. तसं झालेलं नाही. तरी बाबा खबरदारी म्हणून हानलाच जाऊन येतात.

आता खऱ्या कमाईचा मार्ग सांगतो. विमानाला उशीर व्हावा म्हणून नवस बोला. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, दोष कंपनीचा असेल आणि तुम्ही तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई आहे. नऊ नव्याण्णवच्या तिकिटावर! वादळ, हवाई नियंत्रकांचा संप असली कारणं नकोत, ती कंपनीच्या हाताबाहेरची. नवस बोलताना साधा तांत्रिक बिघाड मागावा, तोही जमिनीवर असतानाचा. आणि पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकण्याची नव्हे, विमानाचं दार उघडण्याची. हे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये जर्मनविंग्ज या विमानकंपनीच्या एका खटल्यात ठरवून दिलं आहे. तेव्हा दोन तास अठ्ठावन्न मिनिटांनी विमान उतरलं तर निराश होऊ नका. डोळे मिटून जिन्याच्या गाडीचं ध्यान करा. ती अजून हलली नसेल तर चौघांचे हजार युरो तुमच्या आणि त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या मध्ये उभे आहेत.

आमचं विमान दोन तास चाळीस मिनिटं उशिरा आलं आणि दार ताबडतोब उघडलं. रात्रीचा एक वाजला होता, शेवटची बस गेलेली. टॅक्सीवाला हानहून फ्रँकफर्टपर्यंतचा आकडा सांगताना स्वतःच थोडा लाजला.

घरी पोचल्यावर हिशेब लिहू नका. लिहिलाच तर बायकोच्या लॅपटॉपवर नको. आणि दिवाळीच्या फराळाला जायच्या आधी आईला बाजूला घेऊन नीट समजावून ठेवा, कारण तिला सगळे आकडे पाठ असतात आणि ती खरं बोलते. कोणीतरी विचारणारच, "काय मग, बार्सिलोना किती पडलं?" तुम्ही म्हणायचं, "नऊ नव्याण्णव." आई "अरे पण ती टॅक्सी" म्हणायला तोंड उघडेल. त्याच क्षणी तिच्या हातात करंजी द्या. मोठी बघून द्या.