रात्रभर जागरणाचं कौतुक आता पुरे

हिवाळा लागला की नागपुरात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. शेतीचं ॲग्रोव्हिजन, उद्योगांचं ॲडव्हांटेज विदर्भ, शिवाय घरं, फर्निचर, गाड्या, शिक्षण अशी लहानमोठी कितीतरी. आणि दर हंगामात फेसबुकवर तेच फोटो फिरतात. पहाटेची वेळ, अर्धी रंगवलेली भिंत, प्लायच्या थप्पीवर आडवा झालेला मिस्त्री, आणि वर ओळ: ‘रात्रभर जागून स्टॉल उभा केला, टीमला सलाम!’

मी प्रदर्शनांचे स्टॉल उभे करण्याच्याच धंद्यात आहे. हिंगणा एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. हे फोटो पाहून मला राग येतो, म्हणून आज सविस्तर लिहितो. असं जागरण बहुतेक वेळा कुणीतरी कुठेतरी एक निर्णय उशिरा घेतला म्हणून होतं. आणि त्याची किंमत निर्णय घेणारा मोजत नाही; सुतार, पेंटर आणि वायरमन मोजतात.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रदर्शनात जागा दोन प्रकारे मिळते. एक तयार स्टॉल: साधारण तीन बाय तीन मीटर, ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनल, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या. त्यात फार डोकं लावायचं नसतं. दुसरी मोकळी जागा. जमिनीवर चुन्याने किंवा टेपने आखलेला चौकोन ताब्यात मिळतो आणि पुढचं सगळं तुमचं. तिथे प्लॅटफॉर्म, भिंती, रंग, वायरिंग, लाइट, ग्राफिक्स, एलईडी वॉल, मीटिंगची खोली, मागे सामानाची खोली असं सगळं दोन-तीन दिवसांत उभं करायचं असतं. घराच्या बांधकामात तारीख पुढे ढकलता येते. इथे उद्घाटनाला मंत्री येणार असतात, पत्रिका वाटून झालेल्या असतात. तारीख हलत नाही.

तारीख हलत नसेल तर हलू शकणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे निर्णय कधी घ्यायचे. ग्राहकाला हे पटवणं मला आजही सर्वात जड जातं. ‘भाऊ, मांडवच तर टाकायचा आहे, होऊन जाते’ हे वाक्य मी फार ऐकलंय. लग्नाच्या मांडवात कापड दोन फूट कमी पडलं तर ओढून बांधता येतं. इथे लोगोची पेटी दोन इंच मोठी निघाली तर ती दारावर बसत नाही, तिच्यामागची वायर उघडी पडते, आणि पेंटर झालेल्या भिंतीला पुन्हा पुट्टी मारत बसतो.

ग्राहकाला आपण दाखवतो ते थ्रीडी चित्र. ते सुंदर असतं, त्यात माणसं हसत उभी असतात, आणि ते पाहून ‘ओके’ येतं. पण सुताराला चित्राचा उपयोग नसतो. त्याला मापाचं ड्रॉइंग लागतं. आयोजक जागा मीटरमध्ये देतात, डिझायनर मिलिमीटरमध्ये काढतो, मिस्त्री फूट, इंच आणि सुतात (इंचाचा आठवा भाग) कापतो, आणि प्लायचा शीट येतो आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. आता तीन मीटर लांबीची भिंत घ्या. एक शीट आडवा लावला की ५६ सेंटिमीटर उरतात आणि तिथे जोड येतो. तो जोड नेमका कंपनीच्या नावाच्या मधोमध येणार की कोपऱ्यातल्या शेल्फमागे लपणार, हे कागदावर ठरवायला दहा मिनिटं लागतात. मैदानावर तेच ठरवायला अर्धी रात्र जाते.

सामानाच्या मापावरून रचना ठरवायची ही अक्कल आपल्या धंद्यात पहिल्यापासून आहे. १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनच्या आराखड्यावरून क्रिस्टल पॅलेस हा लोखंड आणि काचेचा हॉल उभारला गेला, तेव्हा काचेचा ताव ४९ इंच लांबीचा होता. त्याच्यावरून छताची मापं ठरली आणि सगळी इमारत २४ फुटांच्या पटीत आखली गेली. लोखंड आणि काच बाहेर तयार होऊन आली, जागेवर फक्त जोडणी झाली. एवढी प्रचंड इमारत वर्षाच्या आत उभी राहिली. प्रदर्शन संपल्यावर ती उतरवून बऱ्याचशा त्याच सामानातून लंडनजवळच्या सिडनहॅमला पुन्हा बांधली गेली. माझं म्हणणं इतकंच आहे की स्टॉल वर्कशॉपमध्ये पूर्ण उभा करून पाहा, भागांवर नंबर टाका, उतरवा आणि मगच गाडीत भरा. मैदानावर करवत कमीत कमी चालली पाहिजे.

गाडी भरण्यातही शहाणपण लागतं. मैदानावर सर्वात आधी लागतो तो प्लॅटफॉर्म. म्हणजे तो गाडीत सर्वात शेवटी, फाळक्याजवळ चढला पाहिजे. उलट झालं तर गेटवर मागे ट्रकांची रांग लागते, सिक्युरिटीवाला ओरडतो आणि आपण आख्खी गाडी रिकामी करून फळ्या शोधतो. शेतीच्या प्रदर्शनात आणखी एक पेच असतो. स्टॉलमध्ये ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर ठेवायचा असेल तर तो समोरचा प्लॅटफॉर्म आणि बाजूची भिंत लागण्याआधी आत गेला पाहिजे. मशीन कधी येणार हे ग्राहकाच्या विक्री विभागाला माहीत असतं, स्टॉलचं काम पाहतो मार्केटिंग विभाग, आणि दोघांचं बोलणं झालेलं नसतं. मग शेवटच्या संध्याकाळी मशीन गेटवर येऊन उभी राहते आणि लागलेली भिंत उतरवावी लागते.

मोठ्या शहरात पक्क्या हॉलमध्ये काम करणाऱ्यांना आपल्याकडच्या आणखी दोन अडचणी कळत नाहीत. आपली मोठी प्रदर्शनं मैदानावर, हँगरमध्ये म्हणजे सांगाड्यावर ताणलेल्या मोठ्या तंबूत भरतात. खालची जमीन सपाट नसते, म्हणून प्लॅटफॉर्मखाली पाचर मारून लेव्हल काढण्याचा वेळ आधीच धरावा लागतो. दुसरं म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र चांगलीच गारठते, पहाटे दव पडतं. पुट्टी वाळत नाही, रंगाचा दुसरा हात चिकट राहतो, आणि धुळीच्या गार भिंतीवर लावलेला विनाईल (छापील स्टिकर) सकाळी कोपऱ्यातून सुटतो. म्हणजे ज्या जागरणाचं एवढं कौतुक होतं, त्यात केलेलं रंगकाम मुळातच कच्चं निघतं. रंग वर्कशॉपमध्ये, दिवसा, उन्हं असताना व्हायला हवा.

विजेबद्दल मी थोडा कठोर आहे. किती किलोवॅट लागणार हे आयोजकांना आधी कळवावं लागतं. एलईडी वॉल ऐनवेळी वाढवली, कॉफी मशीन आणलं, आणि सगळं त्याच लाइनवर टाकलं की कार्पेटखालच्या जोडांवर भार येतो. चारही बाजूंनी प्लाय, फ्लेक्स, कार्पेट, थिनर. दोन रात्री न झोपलेल्या वायरमनकडून तिथे जोड मारून घेणं मला मान्य नाही. वायरिंग प्लॅटफॉर्म झाकण्याआधी तपासलं गेलं पाहिजे आणि ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावलाच पाहिजे. यावर घासाघीस नको.

मैदानावर ग्राहकाचा एकच माणूस असावा, ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे. ब्रँड मॅनेजर येऊन निळा रंग गडद करा म्हणतात, तासाभराने डीलर येऊन काउंटर डावीकडे घ्या म्हणतो, रात्री मालकांचा मुलगा येतो. सगळे भले लोक असतात, पण मिस्त्री कुणाचं ऐकणार?

पैशांचंही बोलायला हवं, कारण घाईचं मूळ बरेचदा तिथेच असतं. ॲडव्हान्स उशिरा आला की प्लाय उशिरा येतो, मग सगळंच उशिरा. आणि काम झाल्यावर उरलेली रक्कम महिनोन् महिने अडकते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. आता आयकर कायद्यातही तरतूद आली आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करासाठी उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही. आपल्या भागातल्या स्टॉल बांधणाऱ्या लहान फॅब्रिकेटर मित्रांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापावा. संकोच करू नका.

येत्या हंगामात ज्यांना मोकळ्या जागेत स्टॉल करायचा आहे, त्यांना माझी विनंती आहे. वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी टाका. एक, ड्रॉइंग कोणत्या तारखेला कायम होणार आणि त्यानंतरच्या बदलावर कोण सही करणार. दोन, उभारणीच्या दिवसांत कारागिरांच्या पाळ्या कशा असतील, आणि त्यांच्या झोपण्याची, जेवणाची सोय कोण करणार. दुसऱ्या ओळीमुळे खर्च थोडा वाढेल. मी कोटेशनमध्ये तो वेगळा दाखवतो, आणि तो कमी करा म्हणणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नाही म्हणतो.