जुन्या जीप-पिकअपमध्ये "नवीन इंजिन टाका, झालं" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज लय फिरून राहिला आहे, नागपूर, काटोल, वर्धा, कोणताही ग्रुप उघडा तोच दिसतो. फोटोत जुनी जीप-पिकअप, चकाचक रंग मारलेली, बॉनेट उघडं अन् आत कॉमन रेलचं, म्हणजे आजकालचं कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन. खाली मजकूर असा की घरची जुनी पिकअप भंगारात देऊ नका, जुन्या इंजिनचे पार्ट आता मिळत नाहीत म्हणून त्यात स्कॉर्पिओचं इंजिन टाका, बॉडी कापावी लागत नाही, गिअरबॉक्स अन् ब्रेक तेच चालतात, मायलेज डबल होतं, आरटीओत फक्त इंजिन नंबर चढवायचा, पन्नास वर्षं झाली असतील तर व्हिंटेज नंबर मिळतो अन् पंधरा वर्षांनी गाडी बंद व्हायची कटकट कायमची संपते.

भंगारात देऊ नका, हे मला शंभर टक्के मान्य. त्याच्या पुढचं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक आहे अन् एक-दोन तर जीवावर बेतणारी आहेत. आमच्या घरी आजोबांच्या वेळची महिंद्राची जीप आहे, मागं लोखंडी हौदा अन् फाळका बसवलेली, संत्र्याच्या हंगामात काटोलकडून माल भरून नागपूरला यायची. माझ्या चुलतभावानं हाच मेसेज पाठवून विचारलं की आपण पण करायचं का, त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो, कारण अशा गाड्या विदर्भात अजून कितीतरी घरी गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

सुरुवात पार्टपासून करू, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. बहुतेक जुन्या पेट्रोल जीपमध्ये जे इंजिन असते ते विलीज या जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं हरिकेन, २.२ लिटर, चार सिलिंडर. अमेरिकेत हे जीपमध्ये १९७१ पर्यंत बसत होतं, अन् आपल्याकडे महिंद्रानं १९४७ पासून विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, पुढं इथंच बनवल्या, त्यामुळे या इंजिनच्या गाड्या देशात भरपूर आहेत. पिस्टन, रिंगा, गॅस्केट सेट, व्हॉल्व्ह, बेअरिंग, कार्बोरेटरचं किट, हे सगळं आजही बनते अन् आपल्याकडचा माल बाहेरच्या देशातले जीपवाले पण मागवतात. दुकानात गेल्या गेल्या हातात पडेल असं मी म्हणत नाही, दिल्ली-लुधियान्याकडून मागवावं लागते, आठ-पंधरा दिवस थांबावं लागते. पण "मिळतच नाही" हे खोटं आहे.

अन् मुळात इंजिन खराब झालं हे ठरवलं कोणी? बहुतेक ठिकाणी गाडी धूर देते, चढावर दम लागतो, सकाळी सुरू व्हायला त्रास देते, एवढ्यावर निकाल लागून जाते. आमच्या मिस्त्रीनं हेड उघडलं तेव्हा मला सिलिंडरच्या वरच्या कडेला नख फिरवायला लावलं. नख अडकलं. तिथं वर एक बारीक पायरी तयार झाली होती, कारण रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत सिलिंडर घासला अन् त्याच्या वरचा भाग मूळ मापाचा राहिला. मग त्यानं डायल गेज आत सोडून वर-खाली, आडवं-उभं माप घेतलं अन् म्हणाला, "भाऊ, इंजिनले काही झालं नाही, बोअर करून चाळीसचा पिस्टन टाकू." बोअर म्हणजे घासलेला सिलिंडर आतून कोरून एकसारखा मोठा करणं, अन् चाळीसचा म्हणजे मूळ मापापेक्षा चाळीस हजारांश इंच मोठा. या इंजिनची एक खासियत आहे, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात अन् एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. नुसतं हेड सोडवून मशीन शॉपला नेलं की वरच्याच व्हॉल्व्हचं काम होते, अन् खरी जळालेली सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकते ती कड, खाली ब्लॉकमध्येच राहून जाते. कित्येक लोक म्हणतात काम केलं तरी दम नाही आला, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असते. हिंगण्याच्या एमआयडीसीत किंवा शहरातल्या कोणत्याही जुन्या बोअरिंगवाल्याकडे जा, माप घ्या अन् मग बोला. एक अजून, आता पंपावर ई-२० पेट्रोल आहे, जुने रबरी पाइप अन् पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलमुळे फुगतात-चिरतात, ते आधीच बदलून घ्या, नाहीतर दोष पुन्हा इंजिनच्या माथी.

आता "बॉडी कापावी लागत नाही". विलीजनं १९५३ मध्ये सीजे-३बी नावाची जीप काढली तेव्हा हेच हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं म्हणून त्यांना बॉनेटच वर उचलावं लागलं, आपण ज्याला हाय बॉनेट म्हणतो ते त्यातूनच आलं. म्हणजे खुद्द कंपनीला स्वतःच्याच घरचं इंजिन बसवायला पत्रा बदलावा लागला, अन् आपला मेसेज म्हणते की पन्नास वर्षांनंतरचं टर्बो, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी), ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) अन् ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वालं इंजिन जसंच्या तसं उतरते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. इंजिनचा सम्प, म्हणजे खालचा ऑइलचा डबा, समोरच्या अ‍ॅक्सलच्या गोळ्यावर (डिफरन्शियलवर) येते, म्हणून एकतर इंजिन वर घ्या नाहीतर मागं सरकवा. मागं सरकवलं की फायरवॉल, म्हणजे इंजिन अन् केबिनच्या मधला पत्रा, कापा. चेसिसचा क्रॉस मेंबर आडवा येते, तो कापून दुसरा वेल्ड करा. टर्बोचा गरम पाइप स्टिअरिंगच्या बाजूनं जाते. अन् रेडिएटर अन् इंटरकूलर दोन्ही त्या अरुंद ग्रिलच्या मागं मावत नाहीत, मग लोक इंटरकूलर छोटा टाकतात किंवा वारा लागत नाही तिथं लटकवतात. हे पुण्यात चालून जाईल कदाचित, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते भाऊ, वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी उभी आहे, बाहेरूनच भट्टीची हवा आत येऊन राहिली, तिथं फॅनला नीट श्राउड (भोवतीचं कव्हर) नसला की टेम्परेचरचा काटा सरळ लालमध्ये. वायरिंगचं तर वेगळंच, ज्या गाडीत डायनमो, कॉइल अन् चार दिवे होते तिथं क्रँक सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर, इमोबिलायझर, सगळा हार्नेस (वायरिंगचा संच) पाहिजे. त्यातली एक अर्थिंग ढिली राहिली तर गाडी समृद्धीच्या पुलाखाली कुठंतरी बंद पडेल अन् तिथला मेकॅनिक हात लावणार नाही.

सगळ्यात धोक्याचं वाक्य मात्र "गिअरबॉक्स अन् ब्रेक तेच चालतात" हे आहे, अन् इथं मला खरंच राग येते. हरिकेनचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन मीटर, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन २००८ मध्ये आलं तेव्हा १२० हॉर्सपॉवर अन् २९० न्यूटन मीटर. जवळजवळ दुप्पट टॉर्क तुम्ही तीन गिअरच्या जुन्या टी-९० बॉक्सवर टाकून राहिले, तो बॉक्स त्याच्यासाठी बनलाच नाही, दात तुटतील नाहीतर मागचे अ‍ॅक्सल शाफ्ट जातील. बरं, बॉक्स तुटला तर गाडी थांबते. ब्रेक तुटला तर गाडी थांबत नाही.

सीजे-३बी च्या चारही चाकांना नऊ इंचाचे ड्रम होते. मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा अन् तोही पायाखाली फ्लोअरच्या खाली, चिखल-पाणी लागते तिथं. बूस्टर नाही. एक सर्किट म्हणजे एका चाकाचा व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला, पॅडल सरळ खाली. साठच्या स्पीडला हे कसंबसं सांभाळून घेता येत होतं, कारण माल भरलेली ही गाडी सहसा कोणी साठच्या पुढं पळवतच नव्हतं. आता नवीन इंजिननं तीच गाडी नव्वदनं पळेल, अन् नव्वदवरून थांबवायला ब्रेकला साठच्या सव्वादोन पट ऊर्जा मारावी लागते, हा शाळेतला हिशोब आहे, वेगाचा वर्ग. त्यावर हौद्यात माल अन् मागं पोट्टे बसलेले. काही जण म्हणतात बूस्टर लावून टाकू. लावा, पण पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आपोआप मिळते तसं डिझेलमध्ये मिळत नाही, त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागते, बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरवर असते. कटिंगच्या मालातून, म्हणजे भंगारात कापलेल्या गाडीतून, इंजिन आणताना अल्टरनेटर दुसराच लावला की बूस्टर नुसता शोभेचा डबा. असं काम करून दिलेली एक गाडी मी स्वतः पाहिली, पॅडल दगडासारखं, अन् मालकाला सांगितलं होतं की जुन्या गाडीत असंच असते. नाही, असं नसते. मूळ इंजिन ठेवलं तरी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर टाकून घ्या, व्हील सिलिंडर अन् होज पाइप सगळे नवे, हा खर्च रंगाच्या आधी करा.

मायलेज डबल? जीपचा फायनल ड्राइव्ह रेशो ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट ५.३८ वेळा फिरते, टॉप गिअर डायरेक्ट म्हणजे एकास एक, टायर ६.००-१६, ज्याची उंची साधारण २८ इंच. ८० च्या स्पीडला हिशोब करून पाहा, इंजिन ३,१०० ते ३,२०० आरपीएमला फिरते. जे डिझेल दोन हजाराच्या आसपास खूश असते ते तुम्ही सतत तीन हजाराच्या वर फिरवणार, वर समोरून भिंतीसारखी सपाट बॉडी वारा कापणार, तर स्कॉर्पिओचं मायलेज इथं कुठून येईल. पेट्रोलपेक्षा थोडं जास्त येईल, हो. पण ते मिळवायचं तर पाच गिअरचा बॉक्स अन् अ‍ॅक्सलचा रेशो, दोन्ही बदला, म्हणजे मेसेजमधलं "फक्त इंजिन" तिथंच संपलं.

आता आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ साफ सांगते की कंपनीनं मूळ जे स्पेसिफिकेशन दिलं त्यापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलासाठी मंजूर किट लावायची वेगळी सोय आहे, पेट्रोलच्या २.२ लिटर जीपमध्ये दुसऱ्या मॉडेलचं टर्बो डिझेल टाकणं त्यात बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आमच्या काकांनी नव्वद साली पेट्रोल जीपमध्ये डिझेल टाकून आरसीवर चढवलं होतं" असं सगळेच सांगतात, अन् खरंच सांगतात, तशा गाड्या आजही फिरून राहिल्या. पण कलम ५२ चं आत्ताचं कडक रूप २००० च्या दुरुस्तीनं आलं, काकांच्या वेळी ते नव्हतं. अन् अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिले इंजिन नंबर अन् आरसी जुळवून पाहते, न कळवलेला बदल निघाला तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकते, अन् समोरच्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल व्हायची वेळ येऊ शकते. घरची शेतीवाडी पणाला लागते त्यात.

व्हिंटेज नंबरवर जास्त बोलायची गरज नाही. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे अन् चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल नको असं लिहिलं आहे, म्हणजे मेसेजमधलं इंजिन टाकलं की तो रस्ता त्याच दिवशी बंद. शिवाय तो नियम दुचाकी अन् प्रवासी चारचाकीसाठी आहे, आरसीवर मालवाहू लिहिलेली पिकअप त्यात येतच नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, अन् ती गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

अन् पंधरा वर्षांची भीती. दहा वर्षांचं डिझेल अन् पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद हा विषय दिल्ली अन् एनसीआरचा आहे, नागपूरचा नाही. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, पर्यावरण कर भरावा लागते, गाडी फिट असली की चालते. मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेसचे नियम वेगळे, म्हणून आपली आरसी कपाटातून काढून आधी वाचा, अन् गाडी एमएच-३१ (नागपूर शहर) मध्ये येते, ४० (नागपूर ग्रामीण) मध्ये की ४९ (नागपूर पूर्व) मध्ये, त्याच ऑफिसात जा.

ब्लॉक खरंच फुटला असेल, बोअर आता वाढवता येत नसेल, तर त्याच मेकचं त्याच टाइपचं इंजिन शोधा. हेच एक करण्यासारखं आहे, अन् ते बसवायच्या आधी आरटीओत अर्ज करा, नंतर नाही. इंजिन कबाडीकडून घेत असाल तर ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची कॉपी अन् पक्कं बिल मागा, अन् ब्लॉकवरचा नंबर स्वतः वायर ब्रशनं घासून, खडू फिरवून वाचा. नंबरच्या जागी ग्राइंडर फिरलेला दिसला, किंवा आकडे एका रेषेत नसले, तर कितीही स्वस्त असो, तिथंच सोडून या.