धडा कुठे तोडायचा? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला सांगू. बाकीच्या वाचकांसाठी तिचा मथितार्थ देतो. मराठी माणसांसाठी मी जो ‘कन्नड वाचायला शिका’ ऑनलाइन कोर्स काढलाय, त्यात भाषेचा चिवडा केलाय. आठ-आठ मिनिटांचे तुकडे ही रील्सची सवय. तुम्ही खानापूर तालुक्यात तीस वर्षं मुलांकडून पाटीवर सलग बाराखडी गिरवून घेतली आणि ती मुलं आज कन्नड घडाघडा वाचतात. शिवाय धडा १४ अर्ध्यातच तुटतो.

धडा १४ पासून सुरुवात करतो, कारण तिथं तुमचंच बरोबर आहे. जोडाक्षरांवर मी चाळीस मिनिटं एकटाकी बोललो होतो आणि नंतर आठ-आठ मिनिटांवर कात्री चालवली. ‘सवदत्ती’ या गावाच्या नावातला त्त समजावताना व्हिडिओ संपतो आणि उरलेला त्त धडा १५ मध्ये! ही धड्याची मांडणी नव्हे, कापडाच्या दुकानातली मीटरपट्टी झाली.

ही मीटरपट्टी मी कुठून आणली तेही सांगतो. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावरच्या कोर्सांमधल्या ६९ लाख व्हिडिओ-बैठकींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. हे वाचून मी घड्याळ लावून बसलो. पण त्या अभ्यासानं मोजलं होतं ते माणूस किती वेळ बघतो. बघणारा तेवढ्यात शिकला की नाही, हा प्रश्नच वेगळा. धडा मिनिटांवर तोडायचा नसतो. शिकणाऱ्याला एक गोष्ट स्वतःला करता आली की तोडायचा. मग तो चार मिनिटांचा होवो की सतराचा.

आता सलग बाराखडीबद्दल. इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

कन्नडमध्ये ३४ व्यंजनं आणि १३ स्वर. सगळी बाराखडी आधी म्हणजे साडेचारशेच्या घरातले आकार, आणि तोवर एकही शब्द हाती नाही. तुमच्याकडं मूल रोज शाळेत येत होतं, अख्खं वर्ष होतं, छडीही होती. माझ्याकडं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळी करणारा माणूस आहे, जो जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढतो. आणि सर, शाळेत तरी सलग कुठं होतं? तासिका होती. पाढे आधी दहापर्यंत, मग वीसपर्यंत. पहिल्या दिवशी एकोणतीसचा पाढा तुम्हीही कुणाला दिला नसेल.

१९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं की माणूस एका वेळी सातेक गोष्टी मनात धरतो. पुढं २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारावर आणला. पण ‘गोष्ट’ म्हणजे काय, हे ज्याचं त्याचं वेगळं. तुम्हाला ‘बेळगावी’ ही पाटी म्हणजे एक गोष्ट. नवख्याला तीच चार अक्षरं, त्यांच्या खुणा, आणि वर पहिल्याच अक्षरात मराठीत नसलेला ऱ्हस्व ए.

म्हणून मी आता सगळा कोर्स आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गावांच्या, बसवर दिसणाऱ्या पाट्यांवर उभा करतोय. पहिली पाटी कागवाड. क, ग, व, ड आणि काना, बस्स. दुसरी रायबाग. नवी अक्षरं तीनच, कारण ग आणि काना आधीचेच. दोन पाट्यांत सात अक्षरं झाली, आणि माणूस बसस्टँडवर उभा राहून दोन गाड्या ओळखू शकतो. खानापुराला उकार येतो. मग बेळगावी आणि हुक्केरी शेजारी-शेजारी ठेवायच्या: एकीत ए ऱ्हस्व, दुसरीत दीर्घ. दीर्घ करणारी खूण एकच, तीच इ आणि ओ यांनाही लांबवते. ती एकदा कळली की गोकाकचा गो फुकटात मिळतो.

हुक्केरीतच पहिलं जोडाक्षर भेटतं. क्क, निपाणीच्या कन्नड पाटीवरचा प्प, यांत खाली लोंबणारं दुसरं अक्षर वरच्याच्या तोंडावळ्याचं असतं, नवख्यालाही ओळखू येतं. सवदत्तीचा त्त तसा नाही. खालच्या त चं रूप वरच्या त शी जुळतच नाही. म्हणून सवदत्तीला स्वतंत्र धडा. रामदुर्गला तर र चा घोळ: कन्नडमध्ये तो उच्चारात आधी आणि बऱ्याचदा लिहिण्यात नंतर, आपल्या रफारासारखाच. हे मराठी माणसाला दोन मिनिटांत पटतं, तिथं मी रेंगाळत नाही.

फॉर्मवरचे शब्द त्यानंतर. दिनांक, सही, अर्जी हे कानाला ओळखीचेच, फक्त लिपी नवी. ‘हेसरु’ म्हणजे नाव, ‘विळास’ म्हणजे पत्ता, हे खरे नवे शब्द. ते एका धड्यात दोन-तीनच. (असला कोर्स काढला म्हणून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात, पण तो विषय इथं नको.)

तुमच्या टीकेतला एक मुद्दा मात्र मी पूर्ण उचललाय. तुकडे केले की धागा सुटतो. धडा ३ मधला ड धडा ९ पर्यंत कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून आता दर तीन धड्यांनंतर एक उजळणी: नवं काहीच नाही, जुन्याच अक्षरांच्या पण न पाहिलेल्या पाट्या. आधी माणसानं स्वतः वाचायचं, उत्तर नंतर. धड्यांची नावंही बदलली. ‘जोडाक्षरे भाग ३’ असं नाव ऐकून कुणाला उघडावंसं वाटेल? त्याऐवजी ‘सवदत्तीची पाटी वाचा’.

धडा १४ आणि १५ काढून टाकलेत, पुन्हा रेकॉर्ड करतोय. रविवारी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या पाट्यांचे फोटो काढले. कागवाड, रायबाग, गोकाक सगळ्या मिळाल्या. रामदुर्गच्या गाडीची वाट बघत दोन चहा झाले, ती आली तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली. तुमच्याकडं रामदुर्गच्या पाटीचा एखादा स्पष्ट फोटो असला तर पाठवा.