शीव आपली, पाणी परक्याचं

गावाचा विकास आराखडा करायला घेतलाय ना? मग आधी गावनकाशा भिंतीवर ठोका आणि शिवेपलीकडे बघू नका. तिथे तसंही कोरंच असतं, शेजारच्या गावाचं नाव तेवढं लिहिलेलं. त्या कोऱ्या जागेत पाऊस पडत नाही असं धरून चाला.

कुणी अतिशहाणा म्हणेलच, "अहो, शीव नाल्यातूनच गेलीय, नाला दोघांचा." त्याला सांगा, अलीकडचा काठ आपला, पलीकडचा त्यांचा. दोघांनी आपापल्या काठाला भिंत घालावी. कुणाच्या शेतात शिरायचं ते पूर बघून घेईल.

कामं खालून वर करा. जाणकार "माथा ते पायथा" घोकत बसतात: आधी डोंगरावर उताराला आडवे, एका पातळीत खणलेले समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारा. पण माथा पडला वरच्या गावाच्या हद्दीत, आणि चराच्या उद्घाटनाला एवढं चढणार कोण? बंधाऱ्यापर्यंत गाडी जाते, कोनशिला बसते, फोटो येतो. वरच्या उघड्या डोंगराची माती वाहून येऊन काही पावसाळ्यांत तो गाळाने भरेल. भरू द्या. गाळ काढणं हेही कामच, आणि त्यालाही उद्घाटन असतं.

वरच्या गावाने तर काहीच करू नये. चर तुम्ही खणायचे, चराईबंदी तुमच्या गुरांना आणि पाणी वाढणार खालच्यांच्या विहिरीत! (हे दुखणं मात्र खरं आहे. सगळ्या पाणलोटाचा, म्हणजे जिथलं पाणी एकाच नाल्याला येतं त्या साऱ्या भागाचा, एकच आराखडा केला तर वरच्यांचा चारा, मजुरी आणि फायद्यातला वाटा आधीच ठरवता येतो. म्हणूनच तो विषय निघू देऊ नका.)

दाखल्याची वेळ आली तर न्यूझीलंडचं नाव टाळा. तिथे 1989 मध्ये प्रादेशिक परिषदांच्या हद्दी बऱ्याच अंशी नद्यांच्या पाणलोटांवरून आखल्या. त्यापेक्षा अमेरिका बरी. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी तिथल्या रखरखीत पश्चिमेचा नकाशा खोऱ्याखोऱ्याने रंगवला आणि कारभारही खोऱ्यांप्रमाणे करा म्हणाले. 1890 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांच्या सिंचन पाहणीच्या निधीलाच कात्री लावली. याला म्हणतात पाण्याचं नियोजन.

एवढं करूनही संयुक्त बैठक टळत नसेल, तर ती ऐन पावसाळ्यात, नाल्याच्या आपल्या बाजूला ठेवा. पुरामुळे पलीकडचे येणार नाहीत. इतिवृत्तात "शेजारील गाव निमंत्रण देऊनही गैरहजर" असं लिहून ठराव एकमताने मंजूर करा.