‘एकोज’ कुणी वाजवायचं?

गेल्या रविवारी दादरच्या मित्राला मी डेव्हिड गिल्मरच्या ग्दान्स्कच्या मैफलीतलं ‘एकोज’ पाठवलं. गिल्मर हा पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक, आणि ‘एकोज’ हे बँडचं जुनं गाणं. दोन मिनिटांत उत्तर आलं. गाणं वीस मिनिटांच्या वरचं, म्हणजे त्यानं ते ऐकलंच नव्हतं. ‘हा कसला पिंक फ्लॉइड? एकटा गिल्मर बँडची पुण्याई खातोय. बाहेर पडलं की बाहेर, मग जुनी गाणी कशाला वाजवायची?’

मला राग आला तो याचाच. आपल्याकडे गाणं ऐकायच्या आधी त्याचा सातबारा काढतात. बासवादक रॉजर वॉटर्स 1985 मध्ये बँड सोडून गेला, बँडच्या नावावरून भांडण झालं, ते 1987 मध्ये मिटलं. आम्ही मात्र अजून बाजू घेऊन बसलोय. बालगंधर्वांनी 1913 मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून टेंबे आणि बोडसांबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि ‘सौभद्र’ तिथंही केलं. ते त्यांचं नव्हतं असं म्हणायची आज कुणाची छाती आहे?

मी राहतो त्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये हे कुणी विचारत नाही. 26 ऑगस्ट 2006 ला गिल्मर इथल्या गोदीत वाजवायला आला. 1980 च्या संपातून सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना जिथं उभी राहिली, तीच ही गोदी. समोर पन्नासेक हजार माणसं, मागे बाल्टिक फिलहार्मोनिक, पोलिश संगीतकार प्राइस्नरच्या हातात वाद्यवृंद. आमच्या जिन्यातले वरच्या मजल्यावरचे शेजारी तेव्हा गर्दीत होते. ते त्या रात्रीबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात वॉटर्सचं नाव येत नाही. मी ट्रामनं रोज गोदीतल्या हिरव्या क्रेनजवळून जातो आणि प्रत्येक वेळी मान वळवतो.

पण त्या व्हिडिओत मी बघतो ते बँडच्या कीबोर्डवादकाला, रिचर्ड राइटला. ‘द वॉल’ या अल्बमच्या वेळी 1979 मध्ये त्याला बँडमधून काढलं होतं. पुढच्या दौऱ्यात तो आपल्याच बँडमध्ये पगारावर वाजवत होता. ग्दान्स्कला तो कीबोर्डवर आहे. ‘एकोज’चा तो एकच टपकणारा स्वर तोच वाजवतो, आणि मग दोघं गळ्यात गळा मिसळून गातात. साठी ओलांडलेले दोघे. दोन वर्षांनी, 15 सप्टेंबर 2008 ला राइट गेला. आठवड्याभरानं या मैफलीचा अल्बम आला.

जुलै 2016 मध्ये गिल्मर इटलीतल्या पाँपेईला गेला. 1971 मध्ये बँडनं तिथल्याच प्राचीन रंगमंडलात, प्रेक्षकांशिवाय, कॅमेऱ्यांसमोर ‘एकोज’ वाजवलं होतं. या खेपेला माणसं होती, फ्लॉइडची गाणी होती, फक्त ‘एकोज’ नव्हतं. रिकशिवाय, म्हणजे राइटशिवाय, ते वाजवायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. हक्काचा प्रश्न त्यानं स्वतःपुरता असा सोडवला, माझ्या मित्रापेक्षा कडक नियम लावून.

हे सगळं लिहून पाठवायला घेतलं आणि थांबलो. ‘बाहेर पडलं की बाहेर’ हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तिथल्या आमच्या इमारतीच्या पुनर्विकासावर मी गटात लांबलचक मत दिलं, तेव्हा हेच शब्द त्यानं मला लिहिले होते. मी इथल्या सोसायट्यांचे हिशेब कसे चोख असतात ते सांगत होतो. रात्री पाणी भरायला उठणारे ते होते, मी नव्हतो. तरीही मला बोलायचं होतं, अजूनही आहे. ती इमारत माझी आहे.

बाबा गेले तेव्हा मला वॉर्सातून विमान मिळालं ते दुसऱ्या दिवशीचं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

इथं आम्ही बारा-तेरा घरं मिळून गणपती बसवतो. आरत्या मी सांगतो. ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत सगळ्या पाठ आहेत, पोरांनाही मीच शिकवल्या. ‘येई हो विठ्ठले’ मात्र घरी बाबा म्हणायचे. त्यातली लांबवायची ओळ ते अशी धरायचे की आम्हा भावंडांचा श्वास संपायचा आणि त्यांचा चालूच असायचा. ती आली की इथं दुसरं कुणीतरी उचलतं. मी टाळ वाजवतो.