लाल अक्षरांचं शहर आणि आपली चाळ

व्हिएन्नात नव्यानं आलेल्या माणसाला सगळे राजवाडे आणि ऑपेरा बघायला पाठवतात. माझी नजर मात्र साध्या राहत्या इमारतींच्या भिंतींवर खिळली. ट्रॅममधून जाताना जागोजागी मोठी लाल अक्षरं दिसतात: ही इमारत व्हिएन्ना महापालिकेनं अमुक साली बांधली. जुन्या इमारतींवर बऱ्याचदा पुढे असंही असतं की ती घरबांधणी कराच्या पैशातून उभी राहिली. इथे अशा घरांना गेमाइंडेबाउ म्हणतात. महापालिकेच्या मालकीची अशी सुमारे 2,20,000 घरं आहेत. मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची घरंही धरली, तर साधारण निम्मं शहर अशा भाड्याच्या घरांत राहतं.

माझं बालपण मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. त्यामुळे त्या अक्षरांमधली सालं वाचून मी थबकलो. ती आमच्या चाळीच्याच काळातली आहेत.

1920 च्या दशकात दोन्ही शहरांनी कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. मुंबईत गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (म्हणजेच बीडीडी) निघालं आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसला. व्हिएन्नात महापालिकेचं अर्थखातं सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी 1923 पासून घरबांधणी कर लावला. आलिशान घरांना तो जबर होता, कामगाराच्या खोलीला नाममात्र. फरक पडला तो बांधकामात. आम्हाला 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास मिळाले. त्यांची सुरुवातीची बरीच घरं 38 ते 48 चौरस मीटरची, म्हणजे 400 ते 500 चौरस फुटांची होती. संडास आणि नळ घरातच. हायलिगेनश्टाट भागातला कार्ल मार्क्स होफ हा गेमाइंडेबाउ 1930 मध्ये पुरा झाला. तो किलोमीटरभर लांब आहे, त्यात 1,382 घरं बांधली गेली, शिवाय बालवाड्या, धुलाईघरं, वाचनालय आणि दाताचा दवाखाना. जागेचा मोठा हिस्सा अंगणं आणि बागांसाठी मोकळा सोडला. 1934 च्या फेब्रुवारीतल्या यादवीत सरकारी फौजेनं या इमारतीवर तोफा डागल्या. नंतर राजवटी बदलल्या, पण घरं शहराच्याच मालकीची राहिली.

वरळीच्या बीडीडीतल्या 556 कुटुंबांना पुनर्विकासात ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याचा मला मनापासून आनंद झाला. आईच्या मैत्रिणींना म्हातारपणी रात्री गॅलरीतून संडासाला जावं लागायचं, ते मी पाहिलंय. या हक्काच्या घरांबद्दल कुणी नाक मुरडलं तर मी भांडेन.

पण आपल्याकडची चर्चा तेवढ्यावरच संपते. कोण पात्र, कोण अपात्र, किती चौरस फूट, कॉर्पस (देखभालीचा निधी) किती, संक्रमण शिबिरात किती वर्षं. सरकारनं घर बांधावं, ते स्वतःच्या मालकीचं ठेवावं आणि परवडेल अशा भाड्यानं द्यावं, हा मुद्दा कुठल्याच सभेत निघत नाही. जमीन मात्र हातची जाते. गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 चा नियम तीन हिस्से करणारा होता: एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी मग मुंबईबाहेर दूरवरची शेलू-वांगणी दाखवली गेली. ज्यांनी लालबाग-परळ वसवलं त्यांना तिथे पाठवणं मला अन्यायच वाटतो.

घरी फोनवर हे बोललो की काका म्हणतात, "अरे, सरकार मालक होतंच की आपलं. जिना पडायला आला तरी कुणी फिरकलं का?" त्यांचं म्हणणं खरं आहे. भाडं वर्षानुवर्षं नाममात्र राहिलं, दुरुस्तीला पैसा उरला नाही. इथे भाडं बाजारापेक्षा कमी असलं तरी देखभालीला पुरेल असं ठेवायचा प्रयत्न असतो, आणि करार बेमुदत असतो. सोबत राहणाऱ्या मुलांकडे तो जाऊ शकतो. म्हणून भाडेकरूला उद्या रस्त्यावर येण्याची धास्ती नसते. आपल्या माणसाला ओनरशिप हवी असते ती या धास्तीपोटीच.

व्हिएन्नातही सगळं सुरळीत नाही. 2004 नंतर महापालिकेनं बांधणं थांबवलं होतं, 2019 मध्ये पुन्हा नवं गेमाइंडेबाउ उभं राहिलं. उत्पन्न फक्त प्रवेशावेळी तपासतात, त्यामुळे पुढे पगार वाढलेलेही तिथेच राहतात. मी स्वतः खासगी घरात जास्त भाडं भरतो. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला दीर्घकालीन वास्तव्याचा दर्जा लागतो, त्याला साधारण 5 वर्षं जातात. तरी ही वाट ठरलेली आहे आणि मला ती माहीत आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची मोफत घरं 1 जानेवारी 2000 पूर्वीच्यांना, सशुल्क घरं 2011 पर्यंतच्यांना. काल बीडहून केईएममध्ये नर्स म्हणून रुजू झालेल्या मुलीचं नाव यातल्या कुठल्याच यादीत बसत नाही. म्हाडाची लॉटरी लागली तरी घर विकत घ्यावं लागतं. शहराच्या मालकीचं, बेमुदत कराराचं भाड्याचं घर तिच्यासाठी बांधा, अशी मागणी घेऊन एखाद्या पक्षानं येत्या निवडणुकीत मतं मागावीत.