गावरान कांदा आणि सुधारित वाण: फिरत्या मेसेजला उत्तर

"सुधारित कांदा म्हणजे हायब्रीड. बी दरवर्षी विकत घ्या, पाणी जास्त द्या, आणि कांदा दोन महिन्यांत सडतो. आजोबांचा गावरान कांदा कमी पाण्यात येतो, वर्षभर टिकतो." इंदूरच्या आमच्या नातेवाइकांत हा मेसेज पंधरा दिवसांत चारदा फिरला. देपालपूरकडे आमची शेती आहे, म्हणून मामांचा फोनही आला, "खरं का रे हे?" मामा रब्बीचं बी ठरवत आहेत, आणि त्यांच्यासारखे अनेक असतील. म्हणून सविस्तर लिहितो.

सुधारित म्हणजे हायब्रीड, हे साफ चूक. एन-२-४-१ हा नाशिक भागातल्या स्थानिक कांद्यातून निवड करून काढलेला वाण. पुण्या-नगरच्या बाजारात ज्या उन्हाळ कांद्याला लोक गावरान म्हणतात, त्यात हाच वाण कितीतरी असतो! राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती, भीमा किरण हेही सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेले वाण आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. संकरित, म्हणजे हायब्रीड वाण वेगळे, उदाहरणार्थ बंगळुरूचे अर्का कीर्तिमान आणि अर्का लालिमा. त्यांचं बी धरू नये, एवढंच.

घरचं बी धरणं मात्र मेसेजात वाटतं तितकं सोपं नाही. कांद्यात परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात. वडील दिवाळीनंतर बियाण्यासाठी निवडक गोटे (कांदे) लावायचे. एका वर्षी शेजारी, शंभर पावलांवर, पांढऱ्या कांद्याचे गोंडे फुलले होते. मार्चच्या उन्हात मधमाश्या दोन्हीकडे सारख्याच गुणगुणत होत्या. पुढच्या दोन हंगामांत आमच्या वाफ्यात लाल, गुलाबी, पांढरट असं सगळं निघालं. बियाण्याच्या कांद्याला दुसऱ्या वाणापासून किलोमीटरभर तरी अंतर हवं, आणि सलग शेतं असलेल्या गावात ते मिळणार कुठून? त्यातच काही जण रब्बी पिकात आपोआप निघालेल्या डेंगळ्यांचंच, म्हणजे अवेळी आलेल्या फुलांच्या दांड्यांचंच बी गोळा करतात. त्यातून डेंगळे येण्याची खोड पिढ्यान्‌पिढ्या वाढते. अनेक घरांतला "गावरान" असाच बिघडलेला आहे. त्यात आजोबांची चूक नाही, पण त्याला शुद्ध जुना वाण म्हणता येणार नाही.

पाण्याचा मुद्दा. कांद्याची मुळं उथळ असतात, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच. वाण गावरान असो वा सुधारित, खोलातली ओल दोघांनाही मिळत नाही. कोरडवाहू भागात फरक पडतो तो गादीवाफा (उंच केलेला वाफा), ठिबक आणि थोडं थोडं पण वेळेवर पाणी यांनी. वाणाचं नाव बदलून पाणी वाचेल, ही आशा सोडा.

टिकण्याबाबत मेसेज सर्वांत जास्त दिशाभूल करतो, कारण तो दोन हंगामांची तुलना करतो. अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड आणि भीमा सुपर हे मुख्यतः खरिपाचे वाण. त्यांच्यात पाण्याचा अंश जास्त, मान जाड. ते साठवायचे नाहीतच, काढले की मंडीत न्यायचे. भीमा किरण, भीमा शक्ती, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड हे रब्बीला लावा, ते चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, पाच-सहा महिने राहतात. एन-२-४-१ सुद्धा तसाच. वर्षभर मात्र कुठलाच कांदा चाळीत धड राहत नाही: वजन घटतं, कोंब येतात. आणि रब्बीचा वाण असूनही उशिरापर्यंत युरिया टाकला, काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडलं नाही, मान पडायच्या आत उपटला, तर तो सडणारच. आमच्या चाळीत एका कोपऱ्याचा कांदा असाच गेला होता. त्याची मान दाबली की अंगठा आत रुतायचा.

चवीचं मी मान्य करतो. जुन्या कांद्याचा तिखटपणा काही घरांत खरंच वेगळा असतो, आणि तो जपावासा वाटणं योग्यच. पण तिखटपणा जमिनीतल्या गंधकावर आणि पाण्यावरही अवलंबून असतो. त्याच वाफ्यात सुधारित वाण लावून, चाखून मगच ठरवा.

मामांना मी सांगितलंय की अर्ध्या बिघ्यात घरचं बी टाका, अर्ध्यात भीमा शक्ती. रोप एकाच दिवशी लावा, खत-पाणी सारखं ठेवा. काढणीला जोडकांदे आणि डेंगळे दोन्हीकडचे वेगळे मोजा आणि ऑगस्टमध्ये चाळीतलं वजन पुन्हा करा. वही मी घेऊन येईन.